एका मेनोनाइट पाळकांची स्मरणिका : कामाच्या नोंदी

९ जून २०२४, यवतमाळ

पाळकसाहेबांच्या थोरल्या मुलीचा आज सकाळी छत्तीसगढमधील धमतरीहून फोन आला आणि गेले चार महिने नुसते बोलण्यात असलेले काम अखेर ठरले. यंदा जानेवारीत, वयाच्या ८५ व्या वर्षी, पाळकसाहेब गेले. त्यांच्या आयुष्याची एक स्मरणिका पुढच्या ईस्टरपर्यंत छापून व्हावी अशी घरच्यांची इच्छा आहे. पुस्तिका हिंदीत असेल. त्यांनी माझ्या वडिलांना लिहिलेली पत्रे मात्र मूळ मराठीत, शेजारी हिंदी अनुवादासह द्यायची आहेत. पत्रे माझ्याकडे आहेत आणि तीस वर्षे शाळेत भाषा शिकवल्यामुळे मजकुरावर हात फिरवण्याची सवय आहे, म्हणून संपादनाचे काम माझ्याकडे आले. या नोंदी मी कामाच्या सोयीसाठी ठेवत आहे. पुढे कुणी आपल्या मंडळीतील वडीलधाऱ्यांबद्दल असे काम हाती घेईल, त्याला त्या उपयोगी पडाव्यात.

माझा त्यांच्याशी संबंध बाबांमुळे आला. १९५३ मध्ये यवतमाळात सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था, १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीत गेली. मधल्या तीस वर्षांत देशाच्या कानाकोपऱ्यातून येणारे विद्यार्थी आमच्या गावाने पाहिले. बाबा तिथल्या ग्रंथालयाची पुस्तके बांधून देत. १९६० च्या जूनमध्ये धमतरीहून आलेला एक बारीक, उंच मुलगा संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून पानांचे जुझ, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे संच, शिवू लागला आणि त्या बदल्यात बाबांकडून मराठी शिकू लागला. तो १९३८ मध्ये जन्मला तेव्हा धमतरी आणि यवतमाळ ही दोन्ही गावे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होती आणि दोघांची राजधानी नागपूर होती. तो शिकायला आला तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोन महिनेही झाले नव्हते. तीन वर्षांनी तो परत गेला, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक झाला आणि १९९८ मध्ये निवृत्त होईपर्यंत धमतरीच्या आसपासच्या गावांतच राहिला.

२३ जून २०२४, यवतमाळ

पत्रे मोजून तारखेप्रमाणे लावली. एकूण ४१ पत्रे आहेत. पहिले १९६३ चे, शेवटचे २००३ चे, म्हणजे बाबा गेले त्या वर्षीचे. बहुतेक आंतरदेशीय पत्रे आहेत आणि घडीवर कागद फाटला असल्यामुळे स्कॅन करण्याआधी प्रत्येक पत्र दोन काचांमध्ये सपाट करावे लागले. दिवसाला सहापेक्षा जास्त होत नाहीत.

भाषेबद्दल एक निर्णय आजच नोंदवून ठेवते. त्यांची मराठी बाबांची मराठी आहे. ‘मी बरा आहो’, ‘तुम्ही कसे आहा’, ‘पाणी मायंदळ आले’ असे ते शेवटपर्यंत लिहीत राहिले आणि मधेच एखादे क्रियापद हिंदी वळणाने जाते. पुण्याच्या एका परिचितांनी हे प्रमाण मराठीत आणावे असे सुचवले. मी तसे करणार नाही. छत्तीसगढच्या एका माणसाने वऱ्हाडी बोलीत चाळीस वर्षे पत्रे लिहिली, हीच त्या पत्रांमधील मोठी गोष्ट आहे; ‘आहो’चे ‘आहे’ केले की बाबांचा आवाज त्यातून जाईल.

दुसऱ्या पत्रात प्रवासाचे वर्णन आहे. धमतरीहून रायपूरपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, रायपूरहून नागपूर, बडनेरा करत मूर्तिजापूरपर्यंत मोठी लाईन, आणि मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत पुन्हा अडीच फुटी रुळांवरची आपली शकुंतला. दोन्ही टोकांना छोटी गाडी आणि मधे मोठी, असे लिहून ते म्हणतात की त्यामुळे यवतमाळात उतरताना परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नसे, कारण गाडी धमतरीसारखीच हळू चालायची आणि धमतरीसारखीच रानात उभी राहायची. हे पत्र पुस्तिकेत पूर्ण द्यायचे.

११ जुलै २०२४, धमतरी

काल रात्री पोहोचले. पाऊस जोरात आहे. घर साधे, कवेलूचे, मागे पेरूचे झाड. पाळकीणबाई आता ८१ वर्षांच्या आहेत. डोळ्यांनी कमी दिसते, पण कान तीक्ष्ण आहेत आणि मी दारात पाय ठेवताच त्यांनी बाबांचे नाव घेऊन ‘त्यांची मुलगी ना?’ असे विचारले. इथे सगळे त्यांना ‘पास्टर साहब’ म्हणतात. मी लहानपणापासून ‘काका’ म्हणत आले. नोंदीत मात्र मराठी मंडळ्यांतील ‘पाळकसाहेब’ हाच शब्द ठेवते.

त्यांची पत्र्याची पेटी आज उघडली. उपदेशाच्या ५२ वह्या, दोन पवित्र शास्त्रे, सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लावण्याचा डबा, चार डायऱ्या आणि तळाशी जाड दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा. तो दोरा मी ओळखला. बाबा पुस्तकांच्या शिवणीला मेण लावलेला असाच दोरा वापरत. गठ्ठ्यात बाबांची पत्रे होती. आमच्या घरी पाळकसाहेबांची पत्रे होती, तशी इथे बाबांची, तारखेप्रमाणे लावलेली. बाबांनी पत्र लिहिताना मी त्यांना अनेकदा पाहिले होते, पण त्यात ते काय लिहीत हे मला कधीच कळले नव्हते. दुपारी मी दुसरे काहीही काम केले नाही.

वह्यांबद्दल एवढेच आज लिहिते की त्यात खाडाखोड फार आहे आणि ती एकाच प्रकारची आहे. ‘महान’, ‘अद्भुत’, ‘हजारों’, ‘कभी नहीं’ हे शब्द लिहून मग खोडलेले आहेत. १९७४ च्या एका वहीत ‘सारा गाँव आया’ हे वाक्य खोडून वर ‘तेईस लोग आए’ असे लिहिले आहे. प्रत्येक ठिकाणी रेघ एकच, आडवी, पट्टीने मारल्यासारखी. खालचा शब्द वाचता येतो.

१३ जुलै २०२४, धमतरी

आज कुटुंबाच्या मुळाचे प्रकरण. वंशवृक्षाच्या पानावर पणजोबांच्या जागी काय लिहायचे हा प्रश्न मुलांपुढे होता, कारण आजोबांच्या मागे काहीच मिळत नाही.

हे समजायला धमतरीच्या मंडळीचा जन्म लक्षात घ्यावा लागतो. १८९६-९७ च्या दुष्काळाच्या बातम्या अमेरिकेतील मेनोनाइट लोकांपर्यंत गेल्या, त्यांनी धान्य व पैसा जमवला आणि १८९७ मध्ये जॉर्ज लॅम्बर्ट मदतीचे काम पाहण्यासाठी हिंदुस्थानात येऊन गेले. त्याच दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन मुली व विधवा आपल्याकडे आणल्या, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. १८९९ मध्ये जेकब रेस्लर आणि डॉ. विल्यम पेज व त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस हे तिघे मिशनरी म्हणून मुंबईला उतरले आणि वर्षाअखेरीस धमतरीला येऊन राहिले. त्या वर्षी पाऊस पुन्हा बुडाला होता. ते प्रचार करायला आले आणि आल्या आल्या त्यांना शिधा वाटावा लागला, रस्ते-तलावांच्या दुष्काळी कामांवर मुकादमी करावी लागली, अनाथ मुलांसाठी छप्पर उभारावे लागले. याच वेळी, १९०० मध्ये, रायपूर-धमतरी छोटी गाडी सुरू झाली. मंडळीतील जुन्या घरांपैकी कितीतरी घरे त्या अनाथालयातील मुलांपासून सुरू होतात. पुढे १९०६ मध्ये मिशनने बालोदगहन हे गाव मालगुजारी, म्हणजे गावाच्या मालकीच्या, हक्काने विकत घेतले आणि अनाथालयात वाढलेल्या तरुण जोडप्यांना तिथे शेती करायला बसवले. पाळकसाहेबांचे आजोबा त्यांतलेच एक होते आणि पाळकसाहेबांचा जन्म त्याच गावचा.

घरातील समजूत अशी की आजोबा ‘चार वर्षांचे असताना, महानदीच्या काठी, आईच्या मृतदेहाजवळ’ सापडले. मसुद्यात हे वाक्य आले आहे. पाळकसाहेबांच्या १९८८ च्या डायरीत मात्र आजोबांविषयी दोनच ओळी आहेत : आजोबांना आपले गाव आठवत नसे, त्यांना एवढेच आठवे की कुणीतरी त्यांच्या हातावर गरम भात ठेवला आणि हात भाजला, तरी त्यांनी तो टाकला नाही. नदी, मृतदेह, चार वर्षे यातील काहीच तिथे नाही. मी भाताच्या ओळी ठेवल्या आणि बाकीचे काढले. थोरल्या मुलीने वाद घातला नाही; तिने वंशवृक्षावर पणजोबांच्या चौकटीत काही न लिहिता ती रिकामी चौकट तशीच छापायला सांगितली.

१५ जुलै २०२४, धमतरी

नेमणुकांची यादी पूर्ण झाली. पस्तीस वर्षांत सात मंडळ्या, सर्व धमतरीपासून सायकलच्या टप्प्यात. मधली चार वर्षे शांतिपूरच्या कुष्ठधामातील मंडळीत. १९७९ च्या सुमारास गंगरेल धरणात गावे बुडाली तेव्हा दोन वर्षे विस्थापितांची कागदपत्रे लिहून देण्यात त्यांचे आठवड्याचे तीन दिवस जात. त्या वहीत अर्जांच्या नकला आहेत. मिशन रुग्णालयात, म्हणजे १९१० पासून चालत आलेल्या धमतरी ख्रिश्चन हॉस्पिटलात, दर गुरुवारी वॉर्डांतून फिरत.

उद्या परत निघते. बाबांच्या पत्रांचे स्कॅन सोबत घेतले, मूळ पत्रे पेटीतच ठेवली. ती त्यांना लिहिलेली आहेत.

१८ ऑगस्ट २०२४, यवतमाळ

कुटुंबाचा मुख्य मसुदा आला. प्रेमाने लिहिलेला आहे आणि मला तो तसाच परत पाठवणे जड गेले, पण पाठवला. पहिल्याच परिच्छेदात ‘त्यागमूर्ती’, ‘संतपुरुष’, ‘ज्यांनी कधीही कुणाचे मन दुखवले नाही’ अशी विशेषणे आहेत. आपल्याकडे श्रद्धांजलीचा मजकूर असाच असतो आणि त्यामागचा भाव खोटा नसतो. तरीही ज्या माणसाने ‘सारा गाँव’ खोडून ‘तेईस लोग’ लिहिले, त्याच्या स्मरणिकेत हे शब्द बसत नाहीत. मी सुचवलेला नियम असा : ज्या वाक्यामागे एखादी वही, एखादे पत्र किंवा पाहणारे माणूस उभे करता येईल, तेच ठेवायचे.

नियम सर्वांना पटला, पण त्यातूनच अवघड प्रश्न पुढे आला. मसुद्यात १९८१ चा उल्लेख नाही. पाळकसाहेबांच्या आयुष्याबद्दल बोलणारा प्रत्येक जुना माणूस १९८१ वर येऊन थांबतो आणि मग विषय बदलतो, हे मला जुलैतच जाणवले होते.

झाले होते असे. ते ज्या मंडळीत होते तिच्या जमिनीच्या हद्दीवरून शेजारच्या शेतकऱ्याशी खटला उभा राहिला होता. पाळक म्हणून त्यांची साक्ष निघाली. प्रथेप्रमाणे पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घ्यायला सांगितले, तेव्हा त्यांनी नम्रपणे सांगितले की मी शपथ घेत नाही. मेनोनाइट लोक शपथ घेत नाहीत. तुमचे बोलणे ‘होय’ तर होय आणि ‘नाही’ तर नाही एवढेच असावे, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील वचन ते अक्षरशः पाळतात. शपथेवर खरे बोलायचे म्हटले की बिनशपथेच्या बोलण्याला सूट मिळाली, असे त्यांचे म्हणणे. १९६९ च्या शपथ कायद्यात शपथेऐवजी सत्यप्रतिज्ञा करण्याची मुभा आहे, त्यामुळे न्यायालयाला अडचण आली नाही. समोरच्या वकिलाने मात्र त्याच धाग्याला धरून विचारले की कुंपण पूर्वी होते तिथेच आहे की मंडळीने ते पुढे सरकवले. पाळकसाहेबांनी उत्तर दिले, ‘हो, आम्ही सरकवले. १९७६ च्या उन्हाळ्यात. मी तिथे होतो.’ मंडळी खटला हरली आणि दीड एकर जमीन गेली.

डायरीत त्या तारखेला तीन छोटी वाक्ये आहेत : ‘गवाही दी। जो था, कहा। घर तक पैदल।’ सायकल असताना ते घरापर्यंत पायी का आले, हे कुणालाच सांगता येत नाही.

घरच्यांना हे छापायचे नाही. मंडळीतील काही घरांना अजूनही ते आपल्याशी केलेला दगा वाटते आणि जे मिटले आहे ते उकरू नये, असे धाकट्या मुलाचे म्हणणे आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझे मत मी फोनवर स्पष्ट सांगितले की हा प्रसंग वगळला तर ते मेनोनाइट पाळक होते हे पुस्तिकेत केवळ नावापुरते राहील. निर्णय पाळकीणबाईंवर सोपवला आहे.

६ ऑक्टोबर २०२४, धमतरी

पाळकीणबाईंनी होकार दिला, एका अटीवर : या खटल्यामुळे ज्याने त्यांच्याशी बोलणे सोडले, त्याला आधी विचारायचे. ते गृहस्थ त्या मंडळीचे तेव्हाचे खजिनदार. आज ८८ वर्षांचे आहेत.

त्यांच्याकडे जाण्याआधी, दोघांत समेट कसा झाला याच्या मी ऐकलेल्या हकिकती लिहून काढते, कारण त्या जुळत नाहीत. सगळ्यांचा शेवट पाय धुण्याच्या विधीत होतो. मेनोनाइट मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीच्या, वेळी सभासद एकमेकांचे पाय धुतात. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची ही आठवण. पुरुष पुरुषांचे, स्त्रिया स्त्रियांचे, दोघादोघांच्या जोड्यांनी. एक खाली बसतो, घमेल्यात पाय घेतो, ओंजळीने पाणी घालतो, कमरेच्या टॉवेलने पुसतो, मग जागा बदलतात आणि उठून एकमेकांना मिठी मारतात.

थोरली मुलगी सांगते की निकाल लागला त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी सर्वांसमोर खजिनदारांचे पाय धुतले, दोघेही रडले आणि सारे मिटले. शेजारची एक बाई सांगते की उलट खजिनदारांनीच पाळकसाहेबांचे पाय धुतले व क्षमा मागितली. मंडळीतील एक वडील सांगतात की असे काही घडलेच नाही, दोघे हळूहळू बोलू लागले. तिघेही मनापासून सांगतात. पहिली हकिकत सर्वांत सुंदर आहे आणि मसुद्यात तीच आली आहे. मला मात्र त्या डायरीत त्या आठवड्यात प्रभुभोजनाची नोंद सापडत नाही.

८ ऑक्टोबर २०२४, धमतरीजवळ

खजिनदारांची भेट झाली. पाळकीणबाई सोबत आल्या. खाटेवर बसून त्यांनी आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग औषधांची, मग सुनेची. पाऊण तास गेल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, ‘ही यवतमाळहून आली आहे, हिला कुंपणाचे विचारायचे आहे.’ खजिनदारांनी मोबाइलवर ध्वनिमुद्रणाला परवानगी दिली. नाव छापू नये असे सांगितले, बाकी सगळे छापा म्हणाले. मुद्रणावरून मराठीत उतरवलेला महत्त्वाचा भाग असा :

‘चार वर्षे मी त्यांच्याशी बोललो नाही. चर्चला जायचो, मागे बसायचो, निघून यायचो. प्रभुभोजनाला बसत नव्हतो, कारण मनात राग ठेवून बसायचे नसते. ते दर महिन्याला घरी यायचे. मी आत जायचो. ते बायकोपाशी विचारपूस करून, पाणी पिऊन जायचे. १९८५ ला माझ्या मोठ्या मुलाचे लग्न ठरले, तेव्हा मला वाटले आता बसले पाहिजे. जोड्या लावताना मी जागा बदलली, म्हणजे दुसरा कुणीतरी येईल. पण रांगेत एक जण कमी होता आणि ते माझ्यासमोर आले. आधी मी धुतले. त्यांच्या टाचेला भेग होती, तिच्यात माती बसली होती. मी ती अंगठ्याने काढली. दुखले असणार. पाय मागे घेतला नाही. मग त्यांनी माझे धुतले. रडलो वगैरे नाही. उठलो, गळ्याला लागलो, जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा मी आत गेलो नाही.’

मी विचारले की मग साक्षीबद्दल तुमचे मत बदलले का. ते म्हणाले, ‘नाही. कुंपण होते तिथेच होते. फक्त लाकडी खांब काढून दगडी लावले. त्यांच्या डोळ्यांना सरकल्यासारखे दिसले असेल.’ पाळकीणबाई यावर हसल्या आणि म्हणाल्या, ‘हे दोघे मरेपर्यंत यावरून भांडले. ते बरे नसताना हे भेटायला आले, तेव्हाही कुंपणच.’

परतताना रिक्षात पाळकीणबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी मला सांगितले की त्या चार वर्षांत खजिनदारांच्या घरून परत आल्यावर पाळकसाहेब जेवत नसत.

२१ जानेवारी २०२५, यवतमाळ

पुस्तिकेत ‘मेनोनाइट म्हणजे कोण’ हे दोन पानांचे टिपण आज पूर्ण केले. तारीख मुद्दाम निवडली. आज बरोबर ५०० वर्षे झाली : २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये फेलिक्स मांट्‌सच्या आईच्या घरी जमलेल्या काही जणांपैकी कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. ब्लाउरॉकचा तान्हेपणी बाप्तिस्मा झालेलाच होता. जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून घेतलेलाच बाप्तिस्मा खरा, असे या मंडळींचे म्हणणे होते. राज्य आणि चर्च एकच असलेल्या त्या काळात हा गुन्हा ठरला. दोनच वर्षांनी, जानेवारी १५२७ मध्ये, मांट्‌सला झुरिकच्या लिमात नदीत बुडवून मारले. १५३६ मध्ये फ्रीसलँडमधील एक कॅथलिक धर्मगुरू, मेनो सिमन्स, आपले पद सोडून या विखुरलेल्या आणि पळत्या लोकांत सामील झाला; त्याच्या नावावरून मेनोनाइट हे नाव पडले. शस्त्र न धरणे, शपथ न घेणे, वैऱ्याचेही भले करणे या गोष्टी त्यांनी फार मोठी किंमत देऊन जपल्या.

या टिपणासाठी पाळकसाहेबांचेच एक उदाहरण घेतले आहे. १९९१ च्या वहीत त्यांनी डर्क विलेम्सची गोष्ट सांगितली आहे. १५६९ मध्ये हॉलंडमधील आस्परेन गावी तो पकडला जाऊन निसटला, गोठलेल्या पाण्यावरून पळाला. मागे लागलेला माणूस बर्फ फुटून पाण्यात पडला, तेव्हा डर्कने माघारी वळून त्याला बाहेर काढले, तिथेच पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला. छत्तीसगढच्या गावात बर्फ कोणी पाहिलेला नाही. पाळकसाहेबांनी सांगताना बर्फाच्या जागी उन्हाळ्यात सुकलेल्या तलावाची वरून कडक झालेली पापडी घेतली, जिच्यावर पाय दिला की खाली मांडीपर्यंत चिखल असतो. शेजारी टीप आहे : ‘बर्फ नहीं, पर डर वही।’

१६ फेब्रुवारी २०२५, यवतमाळ

छायाचित्रे ठरली, एकूण १४. जानेवारी १९९७ मध्ये कलकत्त्याला मेनोनाइट वर्ल्ड कॉन्फरन्सचे १३ वे अधिवेशन भरले होते, त्यातील एक आहे : ते आफ्रिकेतून आलेल्या एका पाळकांशेजारी उभे आहेत, दोघांच्या हातात पत्रावळी. ‘आंतरराष्ट्रीय ख्यातीचे’ हे शब्द ओळीतून काढले. त्यांनी तिथे हिंदीभाषकांसाठी अनुवाद केला, तेवढे लिहिले.

बाबांच्या पत्रांतून एकच पत्र घ्यायचे ठरले, १९८१ च्या दिवाळीतले. पाळकसाहेबांनी साक्षीची सगळी हकिकत लिहून ‘मी चुकलो काय?’ असे विचारले होते. बाबांनी उत्तरात पान भरून कापसाचा भाव, माझी परीक्षा आणि आईचा दमा यांबद्दल लिहिले आहे आणि तळाला एक ओळ : ‘तुम्ही जसे शिवता तसे बोलले. टाका दिसते, पण पान निघत नाही.’ हे वाक्य मला चार दिवस कामाला बसू देत नव्हते. बाबा घरी आमच्याशी फार कमी बोलत.

९ मार्च २०२५, धमतरी

मुद्रिते आली आणि दोन दिवस थोरली मुलगी मोठ्याने वाचत आहे, पाळकीणबाई ऐकत आहेत. त्यांनी एकूण अकरा दुरुस्त्या सांगितल्या. ‘ते कधी रागावत नसत’ या वाक्यावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, ‘रागवायचे. भात कच्चा राहिला तर बोलायचे नाहीत, नुसते ताट सरकवायचे. लिहा.’ लिहिले. सायकल निळी नव्हती, हिरवी होती. शांतिपूरमध्ये चार वर्षे नव्हे, साडेतीन. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री ते स्वतःचे पाय घासून धूत, दुसऱ्याला घाण धुवावी लागू नये म्हणून, असे मुलीने लिहिले होते. पाळकीणबाई म्हणाल्या की ही सवय १९८५ नंतरची आहे, आधीची नाही. तसा बदल केला.

खजिनदारांचा परिच्छेद त्यांच्या नातवाने त्यांना वाचून दाखवला. त्यांना सर्व मान्य आहे. शेवटी एक वाक्य वाढवावे असा त्यांचा निरोप आला : ‘कुंपणाविषयी माझे मत अजून तेच आहे.’ धाकट्या मुलाला ते नको होते, पण पाळकीणबाईंनी ‘घाला’ म्हटले. त्या एका वाक्यामुळे ५८ व्या पानावरची शेवटची ओळ पुढच्या पानावर जात आहे आणि प्रेसवाल्याला ५९ वरील छायाचित्र थोडे लहान करावे लागेल. तसे त्याला आज कळवले. प्रती ३०० काढायच्या.